गंगाबाईचं मंजन

नवेगाव बांधच्या गंगाबाई कापगते यांनी उभ्या आयुष्यात मनापासून रागराग केला तो एकाच गोष्टीचा, तंबाखूचा. नवरा परसराम यांचा सुपारी-तंबाखूचा खर्रा त्यांनी सोडवला होता आणि तो कसा सोडवला हे सगळ्या मोहल्ल्याला पाठ होतं. परसराम धानाच्या बांधीतून घरी आले की आंगणातच त्यांचे खिसे तपासले जायचे. खर्ऱ्याची पन्नी सापडली की ती सगळ्यांदेखत शेणाच्या टोपलीत. एकदा तर नात्यातल्या लग्नात, पंगत बसलेली असताना, गंगाबाईंनी वाढता वाढता भाताचं घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अजी, तोंड दाखवा." सोसायटीचे माजी संचालक परसराम कापगते यांनी शाळकरी पोरासारखं तोंड उघडून दाखवलं. त्यानंतर काही महिन्यांत त्यांनी खर्रा सोडला. लोक म्हणत, त्यांनी खर्रा सोडला नाही, खर्ऱ्यानेच घाबरून त्यांना सोडलं.

अशा बाईला गोंदियाच्या दवाखान्यात, नाव-गाव लिहून घेणाऱ्या पोरीने विचारलं, "काकू, तंबाखू, खर्रा, बिडी, दारू?" तेव्हा गंगाबाईंना तो प्रश्नच अपमानाचा वाटला.

"माज्या घराचा उंबरठा नाई ओलांडत तंबाखू," त्या म्हणाल्या. "विचार यायले."

परसराम मान खाली घालून हसले. शेजारी सून रीता बसली होती. ती काहीतरी बोलणार, असं तिच्या तोंडावर दिसलं, पण बोलली नाही. पोरीने 'नाही' असं लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

गंगाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. जे त्यांना ठाऊक होतं तेच त्यांनी सांगितलं होतं.

पोटाचं दुखणं तसं जुनं. जेवण झालं की छातीखाली जळजळ, चार घास खाल्ले की पोट तट्ट. शेतात धानाची रोवणी असो की घरी पाहुणे, गंगाबाई पोटावर हात दाबून काम करत. गुडघे दुखत, त्याच्या गोळ्या त्या चौकातल्या दुकानातून आणत आणि पोट जळालं की त्यावर सोडा पीत. बायकांच्या दुखण्याचं जे होतं तेच याचंही झालं असतं, पण त्यांचा मोठा भाऊ जागेश्वर पोटाच्या कॅन्सरने गेला होता. त्यालाही आधी अशीच जळजळ होती. तोही सोडाच प्यायचा. नागपूरला नेला तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. गंगाबाईंना हे आठवायचं, पण बोलून दाखवलं तर खरं होईल अशी धास्ती वाटून त्या गप्प बसत.

गप्प बसली नाही ती रीता. एका दुपारी सासूला ताटावरून उठताना पाहून ती म्हणाली, "आई, तुम्ही आज परत अर्ध्यावरून उठल्या. मामांचंबी असंच होतं म्हणतात नं?"

"तुले कोनं सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं. माज्या लग्नाच्या वर्षी."

गंगाबाई ताट उचलून मोरीकडे गेल्या. रीताचा नवरा कुशल अर्जुनीच्या राईस मिलमध्ये कामाला होता. त्याच्याकडून रीताने गोंदियाच्या डॉक्टरांचा नंबर घेतला, आणि त्या आठवड्यात सासू, सासरे आणि ती, तिघं देवलगाव स्टेशनावरून गाडीत बसले.

डॉक्टर चेतना चाळिशीच्या, गोंदियाच्याच. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या आणि परत मराठीत यायच्या. त्यांनी दुर्बीण घालून पोट आतून पाहिलं, ठिकठिकाणचे बारीक तुकडे तपासायला पाठवले आणि रिपोर्ट आल्यावर तिघांना समोर बसवलं.

"घबराने की बात नहीं है, काकू. कॅन्सर नाही," हे त्यांनी आधी सांगितलं. मग कागदावर पोटाचं चित्र काढलं. "पोटाला आतून अस्तर असतं. तुमचं अस्तर बरीच वर्षं सुजत राहिलं, पातळ झालं, आणि काही ठिकाणी त्याचे चट्टे आतड्याच्या अस्तरासारखे बनलेत. पोटात पोटाचं अस्तर पाहिजे, तिथं आतड्याचं आलं. असं झालेले बहुतेक लोक कॅन्सरपर्यंत कधीच पोचत नाहीत. थोडे पोचतात. तुमचा सख्खा भाऊ गेलाय आणि चट्टे दोन जागी आहेत, म्हणून आपण याच्यावर डोळा ठेवायचा."

गंगाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मंग याची गोळी द्या."

"चट्टे पुसून टाकील अशी गोळी अजून नाही, काकू."

"काऊन नाही?" परसराम मध्येच बोलले. "इतकी मोठी मशीन पोटात घातली आणि गोळी नाही? कुशलनं मोबाईलवर वाचलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत म्हणे. आन दुखण्याची बी एक गोळी आहे, तिनं थांबते म्हणे."

"अभ्यास झालेत, काका. पण भरवशानं हातात द्यावं असं अजून काही मिळालेलं नाही. आणि दुखण्याच्या गोळ्या तर पोटालाच सोलतात." त्यांनी गंगाबाईंकडे पाहिलं. "गुडघ्यासाठी कोणती घेता?"

गंगाबाईंनी गाठोड्यातून गोळ्यांचा पत्ता काढून दाखवला. डॉक्टरांनी तो आपल्या टेबलाच्या खणातच टाकला.

"ही आजपासून बंद. गुडघ्यासाठी दुसरं देते. आता जे करता येतं ते सांगते. तुमच्या पोटात एक जंतू आहे. लहानपणापासून असेल. सूज त्यानंच धरवली. त्याला मारायच्या गोळ्या आहेत, दोन आठवडे, एक वेळ चुकवायची नाही. सोबत आम्ल कमी करायची गोळी, ती जेवणाच्या अर्धा तास आधी. रक्तात बी-बारा कमी आहे, त्याची सुई देते. मीठ कमी, सुकी खारी मासोळी कमी, ताजी भाजी जास्त. जंतू गेला की सूज उतरेल. चट्टे बहुतेक राहतील, पण पुढं सरकण्याचा धोका कमी होईल. आणि मधूनमधून दुर्बीण."

गंगाबाईंच्या तोंडावरून त्यांचं समाधान झालेलं दिसेना. इतक्या दूर येऊन 'राहतील' हा शब्द घेऊन घरी जायचं म्हणजे काय! पण परसराम कोहळी समाजाचे. त्यांच्या बापजाद्यांनी तलाव बांधले, आणि तलाव बांधणारा माणूस पाळ कशी फुटते हे जाणून असतो. ते थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "समजलं मले. खेकडा पाळीत बिळं करते. बिळातून पानी झिरपलं की तेथची माती बदलून जाते. ते माती काही कोनी पहिल्यासारखी नाही करू शकत. पन खेकडा मारता येते, बीळ बुजवता येते, आन दरसाल पाळीवरून एक चक्कर मारता येते. तसंच नं?"

डॉक्टर चेतना हसल्या. "अगदी तसंच."

"मंग ठीक आहे," परसराम म्हणाले. "आमच्या आज्यानं बांधलेली पाळ अजून उभी आहे."

त्या एका वाक्याने गंगाबाईंना इतका धीर आला की येताना गाडीत त्यांनी भूक लागली म्हणून मुरमुरे मागितले.

घरी गोळ्या सुरू झाल्या. 'जेवणाच्या अर्धा तास आधी' ही गोष्ट सांगायला सोपी होती, करायला नाही. गंगाबाईंच्या जेवणाला वेळ असा नव्हताच. घरातल्यांचं झालं, गड्याचं झालं, कुत्र्याला टाकून झालं, की उरलेल्या भातावर वरण ओतून त्या जेवायच्या. कधी दोनला, कधी चारला. ज्या बाईचं जेवण कधी हे तिलाच माहीत नाही, तिने त्याच्या अर्धा तास आधी गोळी कशी घ्यायची? रीताने सरळ सासूचं ताट पहिलं वाढायला सुरुवात केली. परसराम बाहेर सपरीत बसून हाक द्यायचे, "वाढून राहिली का वो?" आणि आतून रीता म्हणायची, "आईंचं होऊ द्या." पहिल्या दिवशी गंगाबाईंच्या घशाखाली घास उतरेना. नवरा उपाशी आणि आपण जेवतोय, ही लाज गोळीपेक्षा कडू होती. आठवडाभरात ती लाजही पचली.

कडू गोळ्याही होत्याच. त्यातल्या एकीने दिवसभर तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव राहायची. पाणी कडू, भात कडू, थुंकी कडू. त्यावर गंगाबाईंना आपला घरचा उपाय ठाऊक होता. त्या मंजन घासायच्या.

हे मंजन म्हणजे गुडाखू. गुळात मळलेली काळी, ओलसर लुकण, बोटावर घेऊन हिरड्यांवर फिरवायची. कुशलच्या वेळी दाढ ठणकली तेव्हा सासूनेच त्यांच्या बोटाला ती लावून दिली होती. त्यांच्या सासूला तिच्या सासूने. सकाळी भांडी आणि कपडे घेऊन बाया बोडीवर, गावाजवळच्या लहान तळ्यावर, जात, दगडावर बसत आणि डबी फिरे. शेजारच्या शामकलाबाईंची डबी गंगाबाईंकडे, गंगाबाईंची शामकलाबाईंकडे. दातांवर बोट फिरवता फिरवता गावातल्या सगळ्या सुना, सगळ्या सोयरिकी आणि सगळे पाहुणे त्या दगडावर घासून निघत. गुडाखूत गुळाइतकीच तंबाखू असते हे दुकानदाराला ठाऊक होतं, शाळेत शिकलेल्या पोरींना ठाऊक होतं, कदाचित शामकलाबाईंनाही असेल. पण गंगाबाईंच्या लेखी तंबाखू ही पुरुषांनी चघळायची, भिंतीवर थुंकायची आणि बायकोच्या शिव्या खाण्याची वस्तू होती. मंजनाने तर दात घासतात. आजवर मंजन सोडा असं कुणी कुणाला म्हटलंय?

म्हणून तोंड कडू झालं की त्या घासत. एरवी सकाळ-संध्याकाळ घासायच्या, आता दुपारीही, आणि गोळी घेतल्यावर लगेच. थुंकायला गेल्या तर गोळीही पडेल अशी भीती वाटून त्या लाळ गिळत.

रीता हे पाहत होती. गुडाखू काय असते हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण सुनेने सासूच्या डबीवर बोट ठेवायचं म्हणजे घरात काय होतं, हेही तिला ठाऊक होतं. एकदा तिने आडून विचारलं, "आई, मंजनानं पोटाला काही होत नसन नं?" गंगाबाई म्हणाल्या, "दात चांगले असले तं पोट चांगलं." तिथेच ते संपलं.

गोळ्या संपल्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे महिनाभर वाट पाहून, आम्लाची गोळीही आधी बंद ठेवून, तपासणी केली. रिपोर्ट घेऊन तिघं पुन्हा डॉक्टर चेतनांसमोर बसले.

"जंतू अजून आहे," त्या म्हणाल्या.

गंगाबाईंच्या डोळ्यांसमोर जागेश्वर आला. शेवटच्या दिवसांत त्याचा चेहरा वाळलेल्या दोडक्यासारखा झाला होता.

"गोळी एकबी चुकवली नाही जी," परसराम घाईने म्हणाले. "मी साक्षी आहो."

"होतं असं. काही जंतू औषधाला दाद देत नाहीत. आता दुसरं औषध देऊ, जरा जास्त कडक. पण हेही गेलं नाही तर पुढचे रस्ते कमी होत जातात, म्हणून मला नीट कळायला हवं." त्यांनी फाईल उलटी-पालटी केली. "काही पथ्य चुकलं? तंबाखू वगैरे काही? त्यानं औषधाचा जोर कमी होतो, आणि या अस्तराला तर ती वाईटच."

"नाई म्हटलं नं," गंगाबाई म्हणाल्या.

आणि तेव्हा रीता बोलली. आवाज बारीक होता, हात पदरात गुंतलेले होते.

"आई, गुडाखू सांगा."

डॉक्टरांनी फाईलवरून मान वर केली.

"ते मंजन आहे," गंगाबाई म्हणाल्या.

"त्यात तंबाखू असते, आई. आणि या गोळ्या सुरू झाल्यापासून तुम्ही दिवसातून चार-पाच वेळा घासता. लाळही गिळता."

डॉक्टर चेतनांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा. मी गोंदियाची, माझी आजी गुडाखूशिवाय चहा घेत नव्हती, आणि मी तंबाखू विचारते. गुडाखू विचारायला पाहिजे होतं मी."

गंगाबाईंना ते ऐकू आलं नाही. त्या रीताकडे पाहत होत्या. परक्या बाईसमोर, सासऱ्यासमोर, सुनेने सासूचं तोंड उघडं पाडलं होतं. "मी तंबाखू खातो?" त्या म्हणाल्या. "मी? तू मले तंबाखूखाऊ म्हणून राहिली?"

आणि नेमक्या त्याच वेळी परसरामांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग आवरेचना. डोळ्यांत पाणी आलं. "कुशलची माय," ते कसंबसं म्हणाले, "लग्नाच्या पंगतीत माजं तोंड उघडलं होतं नं तू?"

परतीच्या गाडीत गंगाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. रीताने दिलेलं पाणी घेतलं नाही.

घरी आल्यावर मात्र त्यांनी एक काम केलं. डबी उघडली आणि बराच वेळ हुंगत राहिल्या. परसरामांच्या खिशातून काढलेल्या पन्नीचा वास त्यांना ओळखू येत होता. गुळाच्या आड तोच वास होता. इतकी वर्षं नाक आपलंच होतं आणि कळलं नव्हतं. त्यांनी डबी शेणाच्या टोपलीत टाकली. कोणी पाहत नव्हतं, तरी टाकताना मान खाली गेली.

मग जे दिवस आले ते गंगाबाईंनाच माहीत. डोकं ठणकायचं, हात कापायचे, भाजीत मीठ घातलं की नाही आठवायचं नाही. कारण नसताना त्या कोंबड्यांवर खेकसत. रीताशी त्या अजूनही तोडून बोलत होत्या. सकाळी भांडी घेऊन बोडीवर जायची वेळ झाली की जीव कासावीस व्हायचा, कारण तिथे डबी फिरत असायची. शामकलाबाईंनी निरोप पाठवला, "रुसली का वो गंगे? ये नं, माजी डबी भरलेली आहे."

आणि इथे परसराम कामाला आले. खर्रा सुटताना पहिले दिवस कसे असतात हे घरात त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी चिडवण्याची संधी एकदाच साधली आणि मग सोडून दिली. ते खिशात भाजलेली बडीशेप आणि ओवा ठेवू लागले. बायकोची चिडचिड सुरू झाली की मुकाट्याने समोर धरायचे. सकाळी बोडीची वेळ झाली की म्हणायचे, "चल, तलावाकडे जाऊन येऊ, पाळ पाहाची आहे." पाळीला काहीही झालेलं नव्हतं. पण रोज सकाळी दोघं पाळीवरून चालत, पाण्यावर बदकं बसलेली असत, कोळ्यांच्या होड्या लांबून दिसत, आणि गंगाबाईंची ती एक घडी टळून जाई. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. नवऱ्याबरोबर नुसतं चालण्यासाठी चालणं त्यांना नवीन होतं.

मन जरा थाऱ्यावर आलं तसं दुसरं औषध सुरू झालं. आता गोळ्या चार प्रकारच्या, आणि दिवसातून चार वेळा. काही गोळ्यांच्या आगेमागे दूध चालत नव्हतं, म्हणून रीताने चहा काळा केला आणि स्वतःही काळाच प्यायला लागली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका सकाळी पाळीवरून येताना परसराम थबकले.

"कुशलची माय. तोंड दाखव."

"काऊन?"

"दाखव म्हणतो नं."

गंगाबाईंनी तोंड उघडलं. जीभ काळीकुट्ट होती.

परसरामांचा चेहरा उतरला. हसले असते तर बरं झालं असतं, असं गंगाबाईंना वाटलं. "चोरून घासून राहिली," ते हळूच म्हणाले. "मी रोज संग येऊन राहिलो आन तू..."

"जागेश्वरची आन! बोट नाई लावलं!"

"मंग हे काय आहे?"

वाटेत शामकलाबाई भेटल्या. त्यांनीही जीभ पाहिली आणि टाळी वाजवली. "पाहा! मी म्हणत होतो, आपल्या बायांचं मंजन सुटते कोठी! लपून कायले घासते वो, दगडावर येऊन घास."

गंगाबाई रडकुंडीला आल्या. त्यांचं खरं बोलणं आयुष्यात पहिल्यांदा कुणी खोटं ठरवत होतं. त्या तशाच घरी आल्या, शामकलाबाईही मागोमाग आल्या, आणि गंगाबाई आंगण झाडणाऱ्या रीतापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "सांग वो यायले," त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत त्या सुनेशी आपणहून बोलल्या त्या अशा.

रीताने झाडू ठेवला. "बाबा, औषधानं होते ते. त्या चार गोळ्यांत एक आहे, तिनं जीभ काळी होते, शौचाला बी काळं होते. डॉक्टरांनी निघताना मले सांगितलं होतं. गोळ्या संपल्या की जाते." मग शामकलाबाईंकडे वळून, तितक्याच शांतपणे, "काकू, आईंनी डबी फेकली त्याले महिना होत आला. कोनी पाहिलं नाही, पन मी शेणाच्या टोपलीत पाहिली."

म्हणजे हिने पाहिलं होतं, आणि तेव्हाही काही बोलली नव्हती. गंगाबाईंच्या मनातली गाठ तिथे सैल झाली. ज्या पोरीने भर दवाखान्यात त्यांना तंबाखूवाली ठरवलं, तीच आता भर आंगणात त्यांना निर्दोष ठरवत होती, आणि दोन्ही वेळा ती नुसतं खरं तेवढंच बोलली होती. परसराम मात्र त्या दिवशी दिवसभर बायकोच्या मागे मागे फिरले, काही ना काही कारण काढून.

शामकलाबाईंनी गुडाखू सोडली नाही. "मले मरू दे," त्या म्हणाल्या. पण गंगाबाई बोडीवर परत यायला लागल्या तेव्हा त्या तोंड फिरवून घासत. तेवढं तरी.

गोळ्या संपल्या. जीभ पुन्हा गुलाबी झाली. ठरल्या वेळी तपासणी झाली आणि डॉक्टर चेतनांनी फोनवरच सांगितलं की जंतू गेला. मग त्यांनी घरातल्या सगळ्यांचीही तपासणी करायला लावली. परसरामांच्या पोटातही तोच पाहुणा निघाला. त्यांनाही गोळ्या घ्याव्या लागल्या आणि त्या काळात त्यांचं ताट गंगाबाईंच्या ताटाबरोबर वाढलं जाऊ लागलं.

पण खरी परीक्षा दुर्बिणीची. वर्ष लोटल्यावर ती तारीख आली. गंगाबाईंनी आदल्या दिवशी कुणाशी भांडण काढलं नाही, यावरूनच घरात सगळ्यांना त्यांची भीती कळली. परसराम धानाच्या मळणीत अडकले होते, म्हणून सासू-सून दोघीच गेल्या. तुकडे तपासायला गेले. रिपोर्ट आला त्या दिवशी पुन्हा दोघीच समोर बसल्या.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "काकू, सूज उतरली. चट्टे आहेत तिथंच आहेत. वाढले नाहीत. एका जागी तर कमीच दिसताहेत, पण त्यावर मी फार बोलणार नाही, तुकडा कुठून घेतला त्यानं फरक पडतो. बिघडलेलं काही नाही. आता दोनेक वर्षांनी पाहू."

"गोळी?"

"कोणतीच नाही. बी-बाराची सुई चालू ठेवा. मंजन साधं वापरा."

'चट्टे आहेत तिथंच आहेत' हे शब्द गंगाबाईंनी बाहेर येईपर्यंत मनात तीन-चार वेळा म्हणून पाहिले. मागच्या साली जे ऐकून समाधान झालं नव्हतं, तेच या साली प्रसादासारखं वाटत होतं. जागेश्वरला कुणी असं सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी वेळेवर पाहिलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. रीताला वाटलं, थकल्या असतील. सौंदड स्टेशन आलं आणि गंगाबाई एकदम पिशवी उचलून उठल्या.

"उतर."

"आई, देवलगाव पुढं आहे."

"मले माहीत आहे देवलगाव कोठी आहे. उतर म्हणतो नं, गाडी सुटन."

सौंदड म्हणजे रीताचं माहेर. स्टेशनापासून घर चालत जाण्याइतकं जवळ. निर्मलाबाई, म्हणजे रीताची आई, आंगणात लाखोरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. सण नाही, निरोप नाही, आणि दारात मुलगी आणि तिची सासू. सूप त्यांच्या हातातच राहिलं. विहीण अशी न सांगता आली की त्याला एकच अर्थ असतो, हे प्रत्येक मुलीच्या आईला माहीत असतं.

"या विहीणबाई, या," त्या उठत म्हणाल्या, पण डोळे मुलीच्या चेहऱ्यावर होते. "काय झालं? पोरीनं काही केलं काय?"

"केलं," गंगाबाई म्हणाल्या.

निर्मलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "लहान आहे जी. चुकली असन तं..."

"बसा आधी. मलेबी बसू द्या." गंगाबाई खाटेवर बसल्या. शेजारच्या आंगणातल्या दोन बाया कुंपणाशी आल्या होत्या. गंगाबाईंनी त्यांना पाहिलं आणि आवाज उलट जरा चढवलाच. "तुमच्या पोट्टीनं डॉक्टरसमोर माज्या तोंडावर सांगितलं का मी तंबाखू खातो म्हणून. सासऱ्यासमोर. मी म्हटलं, नाई. ते म्हणाली, होय. मी महिनाभर नीट बोललो नाई तिच्याशी, तरी माजं ताट पहिलं वाढत राहिली."

निर्मलाबाई रीताकडे पाहू लागल्या. रीता जमिनीकडे पाहत होती.

"ते बोलली नसती," गंगाबाई म्हणाल्या, आणि इथे त्यांचा आवाज जरा घसरला, त्यांनी तो खाकरून परत आणला, "तं मी माज्या भावाच्या वाटेनं गेलो असतो. आज डॉक्टरनं सांगितलं, पोट जेथचं तेथी आहे. म्हणून उतरलो. हे तुमाले सांगाचं होतं. तुमच्या घरी येऊन सांगाचं होतं."

निर्मलाबाईंनी सूप खाली ठेवलं, पदर डोळ्यांना लावला, आणि मग एकदम भान येऊन आत धावल्या. "चहा ठेवतो जी! बसा!"

"मले कमी साखरेचा," गंगाबाई म्हणाल्या. "आन रीताले चार दिवस ठेवून घ्या. मळणीचं आम्ही पाहून घेऊ."

"आई, मळणीत एवढं काम..." रीता म्हणाली.

"तू चूप बस," गंगाबाई म्हणाल्या. "दरवेळी तुजंच आयकाचं का?"